आरव्ही भाड्याने देताय? मग कॅम्पग्राउंडच्या विजेचंही बघा

मागच्या व्हिडिओत आपण अमेरिकेत स्वतःची आरव्ही भाड्याने देण्याचा हिशेब मांडला. हप्ता, विमा, टायर, साफसफाई सगळं धरलं. एक खर्च मात्र राहून गेला, आणि तोच तुमचा सीझन बुडवू शकतो.

तुमची गाडी ठणठणीत असेल हो, पण दर मुक्कामाला ती नव्या खांबाला जोडली जाते. उन्हापावसात उभा असलेला खांब, प्लग घालून-काढून सैल झालेलं सॉकेट. आत काय बिघडलंय, बाहेरून कळत नाही.

50 अँपियरच्या जोडणीत 120 व्होल्टच्या दोन लाइन आणि एक न्यूट्रल असतो. न्यूट्रल तुटला की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बिल्डिंगमध्ये टीव्ही-फ्रिज उडतात, तसंच इथे. एका लाइनवर 80 व्होल्ट, तर दुसरीवर 160 होऊ शकतात. मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर गेलेच समजा! 30 अँपियरचं सॉकेट 120 व्होल्टचं असतं. कोणी ते कपड्यांच्या ड्रायरचं समजून 240 ला जोडलं असेल, तर आणखी वाईट.

कमी व्होल्टेज जास्त लबाड. उन्हाळ्यात सगळ्यांचे एसी चालू, व्होल्टेज घसरतं, कॉम्प्रेसर तापत राहतो. आज थंड हवा येते, म्हणून ग्राहक खूश. एसी बंद पडतो पुढच्या ग्राहकाच्या ट्रिपमध्ये. डिपॉझिट कोणाचं कापणार?

आणि अर्थिंग! खांबाला अर्थिंग नसेल आणि गाडीत कुठे करंट लीक होत असेल, तर अख्खी बॉडी जिवंत होते. आत बसलेल्याला काही जाणवत नाही. ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराला हात लावणाऱ्या पोराच्या जिवावर बेततं.

बरेच जण साधा सर्ज प्रोटेक्टर घेऊन निश्चिंत होतात. तो वीज पडल्यावर येणारा झटका झेलतो, कमी व्होल्टेजला पुढे जाऊ देतो. तुम्हाला हवा ईएमएस. तो व्होल्टेज, न्यूट्रल, अर्थिंग तपासतो आणि गडबड दिसली तर वीज आत सोडतच नाही. साधारण 104 च्या खाली किंवा 132 च्या वर गेलं की तोडतो. काहीशे डॉलर लागतील. तुमच्या 30 किंवा 50 अँपियरप्रमाणे घ्या आणि भाड्याच्या गाडीत आतच बसवून घ्या. बाहेर लटकणारा चोरीला जातो, नाहीतर ग्राहक लावायलाच विसरतो.

दारामागे एक लॅमिनेट केलेला कागदही चिकटवा: आधी खांबाचा ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. ईएमएसने एरर दाखवला तर ऑफिसातून दुसरी जागा मागा. बायपासचं बटण दाबू नका. निघताना ब्रेकर बंद करूनच प्लग काढा. गाडी देताना हे सगळं ग्राहकाच्या हातून एकदा करून घ्या, पाच मिनिटं लागतात.