सोमवार, तीन ते पाच

सकाळी साडेसहा

नळाचं पाणी जायच्या आत गल्लीतून एक फेरी. आमच्या रहिवासी संघाने वार वाटून घेतलेत, सोमवार माझा. चेंबरची झाकणं, बंद दिवे, तुंबलेलं गटार, सगळ्याचे फोटो. प्रत्येक फोटोत शेजारच्या दुकानाची पाटी यायलाच हवी, नाहीतर ‘हे आमच्या हद्दीत नाही’ असं उत्तर येतं.

सव्वासात

कोपऱ्यावर नळजोडणीसाठी काल रस्ता कापलाय. पावसाळ्याच्या तोंडावर घाईघाईत केलेला हा काँक्रीटचा रस्ता. चराच्या कडेला थर उघडे पडलेत: वर काँक्रीट, खाली खडी, त्याखाली मुरूम. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आमचे काका चरात उतरून टेप लावतात. ‘ताई, आकडा दिसेल असा फोटो घ्या.’ काँक्रीट चौदा सेंटीमीटर. हातभर पुढेही चौदा. पलीकडच्या कडेला साडेतेरा. चर उद्या बुजणार, मग ही जाडी कुणाला दिसायची नाही.

साडेदहा

प्रभाग कार्यालय. दिव्यांची तक्रार आवक खिडकीवर देऊन आमच्या प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. माहिती अधिकारातल्या एका जुन्या अर्जाचे 30 दिवस उलटून गेले, उत्तर नाही. त्याचं प्रथम अपीलही आजच दिलं. कनिष्ठ अभियंता साइटवर गेलेले.

2022मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हापासून ही खिडकी आम्हाला पाठ झाली. गाऱ्हाणं घेऊन जायला नगरसेवकच उरला नव्हता. त्या काळात संघाची फाइल जाड झाली, आणि ती पुढेही तशीच चालवायची, असं आमचं ठरलंय.

दुपारी एक

घरी. जेवण, नातवाला शाळेतून आणणं.

तीन

पुन्हा कार्यालय, या वेळी काकांना घेऊन. सोमवारी तीन ते पाच नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असं राज्य सरकारचं 26 नोव्हेंबर 2018चं परिपत्रक आहे. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. तरी टेबलावरून नेहमीचंच वाक्य आलं, ‘आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, मग बघू.’ मी परिपत्रकाची प्रत पुढे ठेवली. साहेबांना फोन गेला. वीस मिनिटांनी फाइल आली.

कार्यादेश, पूर्वगणनपत्रक आणि मोजमाप पुस्तक, म्हणजे कार्यालयात सगळे ज्याला ‘एमबी’ म्हणतात ते. मला या पुस्तकाइतका महत्त्वाचा कागद दुसरा वाटत नाही. निविदा, भूमिपूजनाचे फलक काहीही सांगोत, ठेकेदाराचं बिल निघतं ते एमबीतल्या नोंदीवर. पानांना छापील क्रमांक, लांबी-रुंदी-जाडीचे रकाने, मोजणाऱ्याची सही, तपासणाऱ्या उपअभियंत्याची सही. खोडायचं तर एक रेघ मारून शेजारी सही करावी लागते. आमच्या गल्लीच्या पानावर खाडाखोड नाही. जाडीच्या रकान्यात ओळीने एकच आकडा: 0.20. म्हणजे वीस सेंटीमीटर.

काका दोनदा बोट फिरवतात, काही बोलत नाहीत. मी पान क्रमांक, मोजणीची तारीख, सह्यांखालची पदनामं वहीत उतरवून घेते. साक्षांकित प्रतींसाठी अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रती निघाल्या की पानाला दोन रुपये. शेवटच्या पानावर एक कामाची गोष्ट सापडली. चालू देयक दिलं गेलंय, अंतिम देयक अजून बाकी आहे.

साडेपाच

चराजवळ कनिष्ठ अभियंता भेटले. तरुण आहेत, बोलायला चांगले. ‘मॅडम, कडेला थोडं कमी येतंच.’ काका शांतपणे म्हणाले, ‘साहेब, मग मधोमध ड्रिल करून काँक्रीटचा कोअर काढा. आम्ही उभे राहतो.’ हीच भाषा मला आवडते. आरडाओरडा केला तर लोक जमतात आणि पांगतात. आकड्याला मात्र आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं.

रात्री साडेआठ

सोसायटीच्या जिन्याखाली बैठक. एक वहिनी म्हणाल्या, थेट पेपरला देऊ. मी म्हटलं, आधी महापालिकेला लेखी संधी देऊ, पण मुदत घालून. पत्राच्या मागण्या तीन: रहिवाशांसमोर तीन ठिकाणी कोअर काढून जाडी तपासा, अहवाल येईपर्यंत अंतिम देयक रोखा, जाडी कमी निघाली तर आधी दिलेल्या रकमेची वसुली करा आणि एमबीवर सही करणाऱ्यांची चौकशी लावा. सोबत टेपचे फोटो आणि पानाचा क्रमांक. प्रती आयुक्त, शहर अभियंता आणि मुख्य लेखापरीक्षकांना.

दहा वाजता सह्या झाल्या. उद्या आवक खिडकी उघडली की वहिनी पत्र देणार. चर बुजवायला माणसं आलीच, तर पंचनामा केल्याशिवाय माती टाकू नका, एवढं सांगायला काका सातपासून कोपऱ्यावर थांबणार आहेत.