राज्यघटना आणि श्रद्धा (लेखांक 6) : देव न मानणाऱ्याचा धर्म

गेल्या लेखात आपण धर्मांतरविषयक कायदे पाहिले. ते सगळे एक गोष्ट गृहीत धरतात, की माणूस एक धर्म सोडतो तेव्हा दुसऱ्यात जातो. जो कुठेच जात नाही, त्याचे काय? त्याच्या नास्तिकतेलाच धर्म म्हणून टाकावे आणि प्रश्न मिटवावा, असे काही जण सुचवतात. तसे करावे का, ते आज पाहू.

सुरुवात मुंबई उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणापासून करू. महाराष्ट्रातल्या तिघांनी शासकीय मुद्रणालयाकडे अर्ज केला, की आम्ही ख्रिस्ती नाही, आमचा कोणताच धर्म नाही, अशी नोंद राजपत्रात छापा. मुद्रणालयाने नकार दिला. ‘धर्म नाही’ हा काही धर्म होऊ शकत नाही, अशी सरकारची बाजू होती. 23 सप्टेंबर 2014 रोजी न्या. अभय ओक आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने ती अमान्य केली. अनुच्छेद 25 मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात ‘मला धर्म नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्यही येते आणि कुणालाही धर्म सांगायला भाग पाडता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

या प्रकरणातली एक बाब फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. याचिकाकर्ते नास्तिक नव्हतेच. येशूवर त्यांची श्रद्धा होती, फक्त ख्रिस्ती किंवा दुसरा कुठलाही धर्म त्यांना मान्य नव्हता. म्हणजे देव आहे, पण धर्म नाही.

याच्या नेमकी उलट स्थिती सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच नोंदवून ठेवली होती. शिरूर मठाच्या खटल्यात धर्माची व्याख्या करण्याची वेळ आली, तेव्हा न्या. बी. के. मुखर्जी यांनी लिहिले की धर्माला ईश्वर लागतोच असे नाही, बौद्ध आणि जैन हे भारतातले सुपरिचित धर्म ईश्वर मानत नाहीत. इथे धर्म आहे, पण जगाचा कर्ता देव नाही. वैदिक परंपरेतही सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांना जग चालवायला ईश्वराची गरज पडली नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की गुंता पुष्कळसा सुटतो. देव मानणे आणि धर्म असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून कुणी नास्तिक आहे एवढ्यावरून त्याला धर्म आहे हे ठरत नाही आणि नाही हेही ठरत नाही. नास्तिक बौद्ध असू शकतो, नास्तिक निधर्मीही असू शकतो.

मग नास्तिकतेला धर्म म्हणण्याचा आग्रह येतो कुठून? बराचसा अमेरिकेतून. तिथल्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत संरक्षण आहे ते धर्माला. त्यामुळे संरक्षण हवे असेल तर धर्म या शब्दाच्या छायेखाली यावे लागते. विस्कॉन्सिनच्या तुरुंगातल्या एका कैद्याला नास्तिकांचे अभ्यासमंडळ काढायचे होते. अधिकाऱ्यांनी त्याची विनंती धार्मिक गट म्हणून विचारातच घेतली नाही. 2005 मध्ये तिथल्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने म्हटले, की पहिल्या दुरुस्तीपुरती नास्तिकता हा धर्मच समजायला हवा. त्या कैद्याच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्य होता. पण तो तिथल्या घटनेच्या शब्दरचनेतून निघालेला मार्ग आहे. आपल्या घटनाकारांनी धर्मस्वातंत्र्याच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य लिहिले, म्हणून आपल्याला त्या वळणाने जावे लागत नाही. ही त्यांची दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

नास्तिकताही सिद्ध न झालेली श्रद्धाच आहे, तेव्हा तो धर्म, असा दुसरा युक्तिवाद असतो. तो घटकाभर मान्य केला तरी निष्कर्ष निघत नाही. धर्म माणसाला कसे जगावे, कशाला पवित्र मानावे, कुणात मिसळावे आणि मेल्यावर काय होते हे सांगतो. नास्तिकता एकाच प्रश्नाचे उत्तर देते आणि थांबते. पुढचा रस्ता ज्याचा त्याने शोधायचा. आगरकरांनी तो बुद्धिवादी समाजसुधारणेत शोधला, भगतसिंगांनी समाजवादी क्रांतीत, पेरियारांनी स्वाभिमान चळवळीत. आंध्रचे गोरा तर नास्तिक असून गांधीजींचे सहकारी होते. त्यांच्या मुलीचे एका दलित तरुणाशी लग्न सेवाग्रामला लावायचे ठरले, तेव्हा गांधीजींनी ईश्वराऐवजी सत्याच्या नावाने शपथ घ्यायला संमती दिली. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च 1948 मध्ये ते लग्न आश्रमात लागले. विधी होता, शपथ होती, साक्षीला माणसे होती. एवढ्याने तो धर्म झाला, असे गोरांनाही वाटले नाही आणि आश्रमालाही नाही.

तेव्हा माझे उत्तर नाही असे आहे. नास्तिकता धर्म नाही. तिला धर्माइतकेच संरक्षण मात्र हवे, आणि अडचण नेमकी इथेच आहे. राजपत्रात छापून आले तरी घरात, लग्नात, वारसाहक्कात जन्माचा धर्म सुटत नाही.

एके काळी कायदा याच्या उलट टोकाला होता. ब्राह्मो समाजाच्या, विशेषतः केशवचंद्र सेन यांच्या प्रयत्नांतून 1872 चा विशेष विवाह कायदा आला. त्याखाली लग्न करायचे तर हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताही धर्म मी मानत नाही, असे लिहून द्यावे लागे. नित्य उपासना करणाऱ्या ब्राह्मोंनाही ते द्यावे लागले. 1954 च्या कायद्याने ही अट गेली.

1955 चा हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा हिंदू वारसा कायदा मात्र मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नसलेल्या जवळपास प्रत्येकाला लागू होतात. हिंदू घरात जन्मलेला नास्तिक आपोआप त्यात येतो. मुस्लिम घरातल्या नास्तिकाची अडचण आणखी बोचरी आहे, कारण शरियतनुसार मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो. धर्म सोडलेल्या केरळच्या एका महिलेने आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू करावा, अशी मागणी केली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर नोटीस काढली. ही मागणी मला सर्वस्वी रास्त वाटते. धर्म न मानणाऱ्या प्रत्येकाला, तो कुठल्याही घरात जन्मलेला असो, या कायद्याची निवड करता आली पाहिजे.

यासाठी कायदेमंडळाला आधी अशी माणसे दिसायला हवीत. 2011 च्या जनगणनेत सहा धर्मांना सांकेतिक क्रमांक होते, बाकी सगळे नाव लिहून द्यायचे. धर्म नमूद न केलेले 28 लाखांहून अधिक निघाले आणि नास्तिक म्हणून नोंदले गेले ते जेमतेम 33 हजार. त्यातले सर्वाधिक, साडेनऊ हजारांवर, महाराष्ट्रातले होते. खरा आकडा याहून मोठा असणार हे उघड आहे. प्रगणक आडनाव ऐकून धर्म लिहून टाकतो आणि आपण गप्प बसतो.

पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन 1 मार्च 2027 आहे. तुमचा कोणताही धर्म नसेल, तर प्रगणकाला तसे स्पष्ट सांगा आणि त्याने काय लिहिले ते पाहिल्याशिवाय त्याला दारातून जाऊ देऊ नका.