वेगळं ताट कशासाठी?

कावीळ म्हटलं की आमच्या डिलाईल रोडवर सल्ल्यांना तोटा नसतो. उसाचा रस द्या, तेलतूप बंद करा, गळ्यात माळ घाला. पण कावीळ सगळी एकच नसते. दूषित पाण्यातून, अन्नातून येणारी ती 'ए' आणि 'ई' विषाणूंची. 'हिपॅटायटिस बी' पसरतो तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. पुन्हापुन्हा वापरलेली सुई किंवा दुसऱ्याच्या दाढीचं पातंही त्याला पुरतं. गुजरातेत मोडासा इथं २००९ साली वापरलेल्या सिरिंजमुळेच त्याची मोठी साथ आली होती.

या विषाणूची चाल वयावर ठरते. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली, तर शंभरात पंच्याण्णव जण बरे होतात. जन्मतःच लागण झाली, तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम ठोकतो. वीस-तीस वर्षं काहीच जाणवत नाही आणि मग यकृत आकसतं, कधी कर्करोग होतो. युरोप-अमेरिकेत लागण बहुतेक मोठ्या वयात होते. आशिया-आफ्रिकेत मात्र पुष्कळदा जन्मताना किंवा बालपणीच.

हे ठाऊक नसलं की काय होतं, ते मी आमच्याच चाळीत पाहिलं. एका सुनेला गरोदरपणातल्या तपासणीत 'बी' निघाला. १६० चौरस फुटांच्या खोलीत तिचं ताट, पेला वेगळा झाला. ''हे हिनं आणलं कुठून?'' हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी. तिच्या जन्मावेळी तिच्या आईची अशी तपासणी झालीच नव्हती, हे कुणाच्या ध्यानी येईना. वास्तविक एका ताटात जेवल्यानं, जवळ घेतल्यानं हा रोग पसरत नाही. खरी निकड होती ती बाळाला चोवीस तासांच्या आत लस आणि सोबत प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळण्याची. डॉक्टरांनी ते जुळवून आणलं. लस मिळाल्यावर बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नसते.

१८९९ पासून ज्या परळात लसीचं काम चालत आलं, त्याच्या शेजाऱ्यांना लसीचं मोल काय सांगायचं? 'बी'ची देशी लस १९९७ साली हैदराबादेत तयार झाली. पुढं ती सरकारी लसीकरणात आली. त्याआधी जन्मलेले आपण बरेचजण मात्र लसीवाचूनच राहिलो. तेव्हा घरात एकाला 'बी' निघाला, तर बाकीच्यांनी रक्त तपासून घ्यावं, लागण नसेल तर लस टोचून घ्यावी. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश तेवढा प्रत्येकानं आपापला ठेवावा. ताट एकच चालेल.