सावित्रीच्या खोऱ्यातले निरोप

२५ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते आणि पोलादपूरमध्ये कोंढवी इथे दरडी कोसळल्या. दोनशेच्या आसपास माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि राज्याचं लक्ष मुंबईकडे वळलं. महाडचा आकांत बाहेर पोचेपर्यंत मोलाचे तास निघून गेले.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला, तेव्हा जवळच्या गॅरेजातल्या एका कामगाराने मागून येणारी वाहनं अडवली. २०१८ च्या जुलैत आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली. वाचलेला एकटा माणूस दरी चढून वर आला, तेव्हा जगाला कळलं. मग २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्रीचा उगमच तिथला. महाड पाण्याखाली गेलं. महाड तालुक्यातल्या तळिये गावात दरडीने ऐंशीहून अधिक जीव घेतले, पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही माणसं गाडली गेली. बचाव पथकं तळियेला दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर गावकरी हातांनीच माती उपसत होते.

एवढ्या वर्षांत मोबाइल टॉवर वाढले, तरी निरोप बाहेर न्यायच्या ऐन वेळी रेंज का जाते? टॉवरचं काम त्याच्या खांबावर संपत नाही. तिथून पुढे निरोप नेते रस्त्याकडेने पुरलेली फायबरची केबल, किंवा समोरच्या टॉवरकडे तोंड करून बसवलेली मायक्रोवेव्हची डिश. दरडीने रस्ता नेला की केबलही जाते. वीज गेल्यावर बॅटरी काही तासच पुरते, आणि जनरेटरचं डिझेल वर न्यायला वाट उरलेली नसते. साखळीतला एक टॉवर बंद पडला की त्याच्यावर अवलंबून असलेले पलीकडचेही मुके होतात.

यावरचा उपाय शास्त्राला ठाऊक आहे. दोन ठिकाणांमध्ये डोंगर आडवा आला, तर दोघांनाही दिसेल अशा माथ्यावर रिले ठेवायचा. तो निरोप ऐकतो आणि पुढे पाठवतो. थॉमस कव्हर आणि अब्बास एल गमाल यांनी १९७९ साली याचं पायाभूत गणित मांडलं. पुढे २००४ मध्ये लेनमन, त्से आणि वॉर्नेल यांनी दाखवलं, की विखुरलेली साधी यंत्रं एकमेकांचे निरोप पुढे नेऊ लागली तर भरवसा झपाट्याने वाढतो. समजा एक वाट दहातून एकदा फसते. अशा दोन वाटा असल्या तर दोन्ही एकदम फसण्याची वेळ शंभरातून एकदाच येते.

पण हे गणित एका अटीवर उभं आहे: दोन्ही वाटांचं नशीब वेगळं हवं. माझ्या मते महाड-पोलादपूरला नेमकी हीच अट पाळली गेलेली नाही. दोन कंपन्यांचे दोन टॉवर एकाच टेकडीवर, एकाच विजेच्या लाइनवर आणि एकाच रस्त्यालगतच्या केबलवर असतील, तर आपत्तीत ते दोन मोजताच येत नाहीत.

म्हणून मागणी साधी आहे. महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकापासून महाडच्या तहसील कार्यालयापर्यंत आणि दरडप्रवण वाड्यांपर्यंत कमी ताकदीच्या रेडिओ रिलेंची साखळी हवी. प्रत्येक रिलेला स्वतःचं सोलर पॅनल आणि स्वतःची बॅटरी हवी, आणि प्रत्येक वाडीतून दोन वेगवेगळ्या डोंगरधारांवरचे रिले गाठता यायला हवेत. दरवर्षी मे महिन्यात तालुक्याची मान्सूनपूर्व बैठक होते. तिथे प्रत्येक सरपंचाने विचारावं: आमच्या वाडीचा दुसरा रस्ता कुठला, आणि निरोपाची दुसरी वाट कुठली?