लट्टलूरचे स्वामी, मान्यखेटचे राजे

राष्ट्रकूट सम्राट पहिला अमोघवर्ष याचा इ.स. ८६६ चा शिलालेख कर्नाटकातील शिरूर येथे असून त्यात राजाला लट्टलूरपुराचा परमेश्वर म्हटले आहे, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यावरून लातूर ही राष्ट्रकूटांची राजधानी होती असे सर्रास सांगितले जाते. पण अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, ही होती. ‘पुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ नगराचा स्वामी, या धर्तीची बिरुदे राजा कुठे राहतो हे सांगत नसत, तर घराणे मूळचे कुठले हे मिरवीत असत. औसा सोडून पिढ्या लोटल्या तरी औसेकर हे औसेकरच राहतात, तसाच हा प्रकार. इ.स. ९७३ मध्ये राष्ट्रकूट सत्ता संपल्यावरही बेळगाव भागातील सौंदत्तीचे रट्ट स्वतःला लट्टलूरचे अधीश्वर म्हणवून घेत राहिले.

जपानमधील क्योतोची गत याच्या नेमकी उलट आहे. इ.स. ७९४ मध्ये ‘हेइआन-क्यो’ या नावाने वसलेले हे नगर पुढे ‘मियाको’ किंवा ‘क्योतो’ म्हटले जाऊ लागले आणि या दोन्ही शब्दांचा अर्थ केवळ राजधानी असा आहे; नगराच्या पूर्वभागाला चीनमधील लोयांगवरून ‘राकुयो’ हे उसने नाव मिळाले आणि पश्चिमभाग ओस पडल्यावर तेच साऱ्या नगराला लागू झाले. १८६८ मध्ये एदोचे ‘तोक्यो’, म्हणजे पूर्वेची राजधानी, असे नामकरण झाले, पाठोपाठ सम्राटही तिकडे गेला, तरी क्योतोचे नाव आजही राजधानी असेच आहे.

अशा जुन्या नावांचा शोध घ्यायला नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरहून फार दूर जावे लागत नाही. गावाजवळ सहस्रकुंडाला कोसळणारी पैनगंगा ज्या वाशीम जिल्ह्यातून वाहत येते, तेथील वाशीम हेच वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म होय. तेथून याच शाखेतील राजा दुसरा विंध्यशक्ती याने चौथ्या शतकात दिलेल्या ताम्रपटात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरील दानपत्रात, नांदीकड या विभागाच्या उत्तर मार्गातील एका गावाचे दान नोंदलेले आहे. हे नांदीकड म्हणजे नांदेड.