गुडघ्याचा कृत्रिम सांधा : यश कशास म्हणावें?

“आईच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं?” हा प्रश्न आज यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील पुष्कळ घरांत विचारला जात आहे. शेजारच्या काकू शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत देवळापर्यंत चालूं लागल्या, असें कोणी सांगतो. आपल्या मावशीचा गुडघा अजूनहि दुखतो, असें दुसरा सांगतो. दोघेहि खरेंच बोलत असतात, आणि म्हणूनच घरच्या मंडळींचा निश्चय होत नाहीं. अशा वेळीं एकादोघांच्या अनुभवापेक्षां हजारों रोग्यांच्या नोंदी काय सांगतात हें पाहणें अधिक हिताचें. आज मी आपल्यापुढें तेंच थोडक्यांत मांडणार आहें.

मांडीचें हाड आणि नडगीचें हाड जेथें एकत्र येतात, तेथें दोहोंच्या टोकांवर कूर्चेचें गुळगुळीत आवरण असतें. उतारवय, वाढलेलें वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षें उकिडवें बसून केलेलें काम यांमुळें तें झिजत जातें. मग हाडावर हाड घासूं लागतें, सांधा आंखडतो आणि पाय धनुष्यासारखे वांकतात. हा झिजेचा संधिवात आपल्याकडे किती आहे? पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. त्यांपैकीं ७४६ जणांना स्नायूंचें अगर सांध्यांचें दुखणें आढळलें. झिजेचा संधिवात शंभरांत सुमारें सहा जणांस होता. भिगवण यवतमाळापासून दूर खरें. परंतु निंदण-खुरपणाचें आणि ओझीं वाहण्याचें काम दोहींकडे सारखेंच आहे.

यवतमाळ जिल्ह्यापुरती एक गोष्ट मात्र निराळी सांगितली पाहिजे. पांढरकवड्याच्या आसपासच्या कांहीं विहिरींच्या व विंधनविहिरींच्या पाण्यांत फ्लोराईडचें प्रमाण अधिक असल्याचें भूजलाच्या अभ्यासांत दिसून आलें आहे. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें एक मिलिग्रॅमपर्यंत असावें, आणि दुसरें पाणी मिळतच नसेल तरी दीड मिलिग्रॅमच्या वर जाऊं नये, अशी भारतीय मानकांची मर्यादा आहे. असें पाणी बरींच वर्षें पोटांत गेलें म्हणजे पाठीचा कणा व सांधे ताठरूं लागतात. अशा रोग्याचा गुडघा बदलला तरी कणा जसाच्या तसा राहतो. म्हणून त्या भागांतील रोग्यास गुडघ्याबरोबरच त्याच्या पाण्याविषयींहि विचारणें अवश्य आहे.

झिजलेला सांधा काढून नवा बसवावा ही कल्पना जुनी आहे. बर्लिन येथील थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यविशारदानें १८९० सालीं गुडघ्यांत हस्तिदंती बिजागरी बसवून पाहिली. परंतु त्याच्या रोग्यांचे सांधे क्षयानें ग्रासलेले होते, आणि जंतुसंसर्गामुळें तो प्रयत्न टिकला नाहीं. शिवाय गुडघा दाराच्या बिजागरीप्रमाणें एकाच आंसावर फिरत नाहीं. वांकतांना तो किंचित् घसरतो आणि वळतोहि. हें ध्यानांत घेऊन इंग्लंडांत फ्रँक गन्स्टन यांनीं १९६८ च्या सुमारास बिजागरीवांचून सांधा तयार केला. पुढें १९७४ सालीं न्यूयॉर्क येथें जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत प्रभृतींनीं जो सांधा वापरांत आणला, त्याच्याच वंशांतले आजचे बहुतेक सांधे आहेत. हे राणावत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी, नडगीवर धातूची बैठक आणि मध्यें पॉलिथिलीनची चकती, अशी साधारण रचना असते.

आतां शस्त्रक्रियेच्या फळाकडे वळूं. येथें दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, ते वेगळे केले पाहिजेत. नवा सांधा किती वर्षें टिकेल, हा पहिला. त्या सांध्यानें माणसास काय करतां येईल, हा दुसरा.

पहिल्याचें उत्तर मुख्यतः नोंदवह्यांनीं दिलें आहे. स्वीडननें १९७५ सालीं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. कोणता सांधा कोणास बसविला आणि तो पुन्हां केव्हां बदलावा लागला, हें तींत लिहिलें जाऊं लागलें. पुढें इतर देशांनींहि तो कित्ता गिरविला. अशा नोंदींवरून २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकीं शंभरांत सुमारें ८२ पंचवीस वर्षें टिकतात. रोग्याच्या वयानें यांत फरक पडतो. इंग्लंडांतील २०१७ सालच्या एका अभ्यासांत, सत्तरी उलटल्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांना पुढें सांधा पुन्हां बदलावा लागण्याचा संभव शंभरांत सुमारें ५ दिसला. पन्नाशीच्या आरंभीं शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांत तो ३५ पर्यंत गेला. याचा अर्थ उघड आहे. तरुण वयांत घाई करणें महाग पडूं शकतें, आणि उतारवयांत केवळ सांधा टिकणार नाहीं या भीतीनें यातना सोसण्याचें कारण नाहीं.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर इतकें सरळ नाहीं. सांधा जागच्या जागीं घट्ट बसलेला असतो, क्ष-किरण चित्र निर्दोष असतें, आणि तरीहि रोगी म्हणतो, “दुखतें.” २०१२ सालीं अनेक अभ्यास एकत्र पडताळले असतां असें दिसलें कीं, शस्त्रक्रियेनंतर कांहीं महिने वा वर्षें लोटल्यावरहि शंभरांत सुमारें २० जणांस त्रासदायक वेदना उरते. बहुसंख्यांस आराम पडतो, हें खरें. पण पांचांतला एक मनुष्य निराश राहतो हेंहि खरें. तो एक कोण, हें आधीं निश्चित सांगतां येत नाहीं. इतर अनेक ठिकाणीं दुखणें असणारे आणि मनानें खचलेले रोगी यांत अधिक आढळतात, इतकें मात्र दिसून आलें आहे.

या बाबतींत डेन्मार्कमधील २०१५ सालचा एक प्रयोग विशेष बोधप्रद आहे. शस्त्रक्रियेस योग्य ठरलेल्या १०० रोग्यांचे तेथें चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. दोन्ही गटांना बारा आठवडे व्यायाम, आहाराचा सल्ला, बुटांतील आधाराच्या पट्ट्या आणि वेदनाशामक औषधें दिलीं. एका गटाची मात्र त्याआधीं शस्त्रक्रियाहि केली. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्या गटांत शंभरांत ८५ जणांची लक्षणीय सुधारणा झाली, दुसऱ्यांत ६७ जणांची. एकूण सुधारणाहि पहिल्या गटांत जवळजवळ दुप्पट होती. परंतु गंभीर उपद्रव पहिल्या गटांत २४ झाले, दुसऱ्यांत ६. आणि शस्त्रक्रियेवांचून ठेवलेल्या ५० जणांपैकीं १३ जणांनींच त्या वर्षांत ती करून घेतली. शस्त्रक्रिया अधिक गुणकारी आहे, हें यावरून सिद्ध होतें. परंतु नेटानें केलेल्या व्यायामानें पुष्कळांस ती पुढें ढकलतां येते, हेंहि तितकेंच सिद्ध होतें.

हे सारे आंकडे अशा देशांतले, जेथें जेवणें, झोंपणें, शौच हें सर्व खुर्ची-पलंगाच्या उंचीवर चालतें. आपल्या घरांतील बाई पाटावर बसते, मांडी घालून पूजा करते, उकिडवी बसून भाजी निवडते; शेतावरची बाई तर दिवसभर वांकून निंदते. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय शल्यविशारदांच्या नोंदींत ३४,००० हून अधिक गुडघे होते, आणि रोग्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. नवा गुडघा चालण्यास, जिना चढण्यास आणि रात्रीच्या शांत झोंपेस उत्तम. उकिडवें बसण्याइतका तो बहुधा वांकत नाहीं, आणि तसा वारंवार वांकविणें सांध्यास हितावहहि नसतें. “मला पुन्हां जमिनीवर बसतां येईल,” अशी मनाशीं गांठ बांधून शस्त्रक्रियेस गेलेली स्त्री, सांधा कितीहि सुरेख बसला तरी, असमाधानीच परत येईल. ही गोष्ट आधीं तिला कोणी सांगितली होती काय?

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतांतहि २००६ सालीं शल्यविशारदांच्या संस्थेनें सांध्यांची नोंदवही सुरू केली. परंतु तींत नोंद करणें ऐच्छिक राहिलें. समजा, झरी-जामणीच्या एका बाईचा गुडघा नागपुरास बदलला. आठ वर्षांनीं तो सैल झाला, आणि मुलगा हैदराबादेस नोकरीला म्हणून तिनें तेथें दुसरी शस्त्रक्रिया करून घेतली. नागपूरच्या शल्यविशारदास हें कळणार नाहीं. त्यांच्या वहींत तो गुडघा यशस्वीच राहील. न परतलेला रोगी बराच झाला असें मानणें सोयीचें खरें, पण त्यास संशोधन म्हणतां येत नाहीं. स्वीडनचे आंकडे विश्वासार्ह झाले, ते तेथें गांव बदलल्यानें रोगी हरवत नाहीं म्हणून.

खर्चाची बाब पूर्वींपेक्षां सुधारली आहे. ऑगस्ट २०१७ मध्यें केंद्राच्या औषध-किंमत प्राधिकरणानें कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमींच्या सांध्याची कमाल किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरविली. त्यापूर्वीं सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती. सांधा स्वस्त झाला म्हणजे शस्त्रक्रिया वाढणार; मग ती कोणाची व केव्हां करावी, याचा विवेकहि त्याच मानानें वाढला पाहिजे.

तेव्हां ज्या घरांत हा प्रश्न आज उभा आहे, त्यांनीं काय करावें? प्रथम तीन महिने मांडीच्या स्नायूंचा व्यायाम नेमानें व जाणत्याच्या देखरेखीखालीं करावा, आणि वजन उतरवावें. एक किलो वजन घटलें कीं प्रत्येक पावलास गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. तरीहि रात्रीची झोंप उडत असेल, घराबाहेर पडणें थांबलें असेल आणि क्ष-किरण चित्रांत झीज स्पष्ट असेल, तर शस्त्रक्रियेस भिऊं नये. शल्यविशारदास विचारावें : गुडघा किती वांकेल? जंतुसंसर्ग झाल्यास काय कराल? बसविलेल्या सांध्याचें नांव व क्रमांक लिहून द्याल काय? तो कागद घरच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावा, आणि दुखत नसलें तरी सांगितलेल्या तारखेस तपासणीस जावें. त्या तपासणीचा लाभ आपल्याला तर आहेच. पण आपल्यामागून येणाऱ्या एखाद्या आईस तिची मुलें जेव्हां हाच प्रश्न विचारतील, तेव्हां त्यांना परदेशच्या आंकड्यांवर विसंबावें लागूं नये, यासाठींहि ती अवश्य आहे.