‘स्वीकारा’ दाबण्याआधी : आपल्या आजाराची माहिती कोणाच्या हाती?

वस्तीतल्या बहुतेक घरांत आज एक तरी स्मार्टफोन आहे. रिपोर्टवरचा शब्द कळला नाही, पाळी चुकली, अंगावरून पांढरे जाते, खोकला थांबत नाही, की पहिला प्रश्न आपण फोनला विचारतो. शेजारणीला विचारायला लाज वाटते. सरकारी दवाखान्यात रांग मोठी, डॉक्टरांना बोलायला वेळ नसतो. फोन हसत नाही आणि आडनावही विचारत नाही. म्हणून सिकलसेल, क्षयरोग, गर्भपात, दारूचे व्यसन, मनाचा आजार असे जे चारचौघांत बोलवत नाही, ते सगळे आपण फोनमध्ये लिहितो.

पण फोनवर विचारलेला प्रश्न फोनपुरता राहत नाही. जी वेबसाइट आपण उघडतो, ती आपली काही माहिती घेते. कधी ती कामापुरती असते, कधी ती तिसऱ्याच्या हाती जाते. ही माहिती कशी घेतली जाते, ती कुठे जाऊ शकते आणि आपण कुठे ‘नाही’ म्हणू शकतो, हे या वेळी समजून घेऊ.

कुकी म्हणजे काय?

वेबसाइट उघडली की खाली एक पट्टी येते : ‘आम्ही कुकीज वापरतो.’ शेजारी ‘स्वीकारा’ किंवा ‘ॲक्सेप्ट ऑल’ असे ठळक बटण असते. मजकूर झाकला जातो म्हणून आपण घाईने ते दाबतो आणि पुढे जातो.

कुकी म्हणजे व्हायरस नव्हे. सरकारी दवाखान्यातला केस पेपर आठवा. पहिल्या दिवशी खिडकीवर केस पेपर मिळतो, त्यावर नंबर असतो. पुढच्या वेळी तो दाखवला की तुम्ही कोण, मागे काय झाले, ते समोरच्याला कळते. कुकी ही तशीच छोटी चिठ्ठी. वेबसाइट ती तुमच्या फोनमध्ये ठेवते, आणि तुम्ही पुन्हा आलात की फोन ती चिठ्ठी दाखवतो. ही युक्ती नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या इंजिनीअरने १९९४ साली काढली. त्याआधी वेबसाइटला एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे, हेसुद्धा ओळखता येत नव्हते.

काही चिठ्ठ्या खरेच लागतात. तुम्ही मराठी भाषा निवडली, लॉगिन केले, दवाखान्याची अपॉइंटमेंट अर्धी भरली, हे लक्षात ठेवायला कुकी हवी. दुसऱ्या चिठ्ठ्या किती लोक आले, कोणते पान किती वाचले, हे मोजतात. तिसरा प्रकार जाहिरातीच्या कुकीचा, आणि काळजी घ्यायची ती इथे.

जाहिरातीची कुकी बहुधा त्या वेबसाइटची नसते. ती बाहेरच्या जाहिरात कंपनीची असते, आणि तीच कंपनी हजारो वेबसाइटवर बसलेली असते. समजा, मेडिकलमध्ये, किराणा दुकानात, रिचार्जच्या टपरीवर आणि वधूवर मंडळाच्या दारात एकच माणूस वही घेऊन बसला आहे. त्याला तुमचे नाव ठाऊक नाही, पण नंबर ठाऊक आहे. सोमवारी या नंबरने सिकलसेलबद्दल विचारले, बुधवारी स्थळे पाहिली, शुक्रवारी कर्ज मागितले, अशी नोंद तो करतो. मग एके दिवशी कुठल्याशा फॉर्ममध्ये तुम्ही मोबाइल नंबर भरता. त्या दिवशी वहीतल्या नंबरला नाव जोडता येते.

कुकीशिवायही वेबसाइटला काही गोष्टी दिसतात : फोनचा प्रकार, इंटरनेटचा पत्ता आणि त्यावरून अंदाजे गाव किंवा शहर.

यात बिघडते काय?

‘आम्ही गरीब माणसे, आमची माहिती घेऊन कोण काय करणार?’ असे अनेकजण म्हणतात. पण झळ आपल्यालाच जास्त बसते. घरात फोन एक आणि वापरणारे पाच. सुनेने गर्भाबद्दल काही शोधले, की तशाच जाहिराती त्या फोनवर सासऱ्याला किंवा दिराला दिसू शकतात. जी गोष्ट तिने अजून नवऱ्यालाही सांगितली नसेल, ती फोन सांगून टाकतो.

दुसरे, आजाराने घाबरलेला माणूस हा भोंदू इलाज विकणाऱ्याचे गिऱ्हाईक असतो. ‘सिकलसेल मुळापासून बरा’, ‘साखर सात दिवसांत गायब’ अशा जाहिराती नेमक्या गरजू माणसासमोर येतात आणि घामाचे पैसे जातात.

तिसरे, विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलचा वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, तरी एका शब्दावरून मुलीचे ठरलेले लग्न मोडते. लग्नाआधी दोघांनी तपासणी करून एकमेकांना विश्वासात घेणे हे शहाणपणाचे. पण ते त्या दोघांनी सांगायचे असते. परक्याच्या वहीतून ते बाहेर पडता कामा नये.

अमेरिकेत घडलेले प्रकरण

ही केवळ भीती नाही. अमेरिकेत गुडआरएक्स नावाची कंपनी आहे. औषधांच्या किमतीत सूट मिळवून देणारी कुपने ती वेबसाइट आणि ॲपवरून देते. महागडी औषधे परवडत नाहीत, असे लाखो लोक तिच्याकडे जातात. तुमची आरोग्याची माहिती जाहिरातदारांना देणार नाही, असे वचन कंपनीने दिले होते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर कारवाई जाहीर केली. कमिशनचे म्हणणे असे, की वचन देऊनही कंपनीने लोकांची औषधांची व आजारांची माहिती फेसबुक, गूगल आणि इतर जाहिरात कंपन्यांपर्यंत पोहोचवली. माहिती नेली ती वेबसाइटच्या पानात लपवलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या छोट्या यंत्रणांनी. ऑगस्ट २०१९ मध्ये तर हृदयविकार, रक्तदाब अशी ठरावीक औषधे घेणाऱ्यांच्या याद्या करून त्यांचे ईमेल आणि फोन नंबर फेसबुकवर चढवले, म्हणजे ती माणसे ओळखून त्यांना आरोग्याच्या जाहिराती दाखवता याव्यात. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण १५ लाख डॉलर दंड भरायचे कबूल केले. जाहिरातीसाठी आरोग्याची माहिती इतरांना देण्यावरही बंदी आली.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट होती. कंपनीच्या ऑनलाइन डॉक्टर सेवेच्या पानावर आरोग्य-गोपनीयतेचा कायदा पाळत असल्याची खूण झळकत होती, आणि कमिशनच्या मते ती खूण खोटा समज करून देणारी होती. म्हणजे पानावर कुलपाचे चित्र आहे, ‘१०० टक्के सुरक्षित’ लिहिले आहे, एवढ्यावर विसंबू नये. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण इथेही लागू पडते.

न दिलेले घेऊ नये

पंचशीलातले दुसरे शील आपण वंदनेत नेहमी म्हणतो : जे दिलेले नाही, ते घेण्यापासून मी दूर राहीन. माहितीलाही हेच लागू आहे. समजून, खुशीने दिली तर ती दिलेली. न सांगता उचलली, किंवा एका कामासाठी घेऊन दुसऱ्या कामाला लावली, तर ती न दिलेली.

बाबासाहेबांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन तयार केले. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि वस्तू यांची वाजवी कारणाशिवाय झडती होऊ नये, असा हक्क त्यांनी त्यात मागितला होता. तो तेव्हा स्वतंत्र मूलभूत हक्क म्हणून संविधानात आला नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि तो कलम २१ मधल्या जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात सामावलेला आहे. आज आपली कागदपत्रे फोनमध्ये असतात. हक्क मात्र तोच.

काही आजारांबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एखाद्याला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. अपवाद कायद्यात ठरवून दिलेले आहेत. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव डॉक्टरने फोडणे हा २०२१ च्या दुरुस्तीनुसार शिक्षेस पात्र गुन्हा आहे. मनाच्या आजारावर उपचार घेणाऱ्यालाही २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

डिजिटल माहितीसाठी २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा केला. त्यानुसार माहिती कशासाठी हवी हे संस्थेने सोप्या शब्दांत सांगायचे आहे, आणि ते इंग्रजीऐवजी मराठीत वाचण्याची सोय द्यायची आहे. दिलेली संमती परत घेता येते, आणि परत घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आहे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर आपली सावधगिरी आपणच बाळगायची आहे.

घरी काय करावे?

१. कुकीची पट्टी आली की ‘नाकारा’, ‘रिजेक्ट’ किंवा ‘फक्त आवश्यक’ असा पर्याय शोधा. तो बारीक अक्षरांत असतो. तो दाबला तरी मजकूर बहुधा वाचता येतो.

२. क्रोम वापरत असाल तर वरच्या तीन ठिपक्यांवर दाबा, सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ उघडा आणि ‘थर्ड-पार्टी कुकीज’ ब्लॉक करा. तिथेच ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’ने जुन्या कुकीज पुसता येतात. फोनप्रमाणे शब्द थोडे वेगळे असतील. कुकीज पुसल्यावर काही ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागते, म्हणून पासवर्ड लक्षात ठेवा.

३. फोन घरात सगळे वापरत असतील तर आजाराबद्दल शोधताना ‘इन्कॉग्निटो’ टॅब उघडा. काम झाले की तो बंद करा. त्याने फोनमध्ये मागमूस राहत नाही. पण वेबसाइटला तुमची भेट दिसतेच, हे ध्यानात असू द्या.

४. नाव आणि मोबाइल नंबर देण्याआधी ‘गोपनीयता धोरण’ किंवा ‘प्रायव्हसी पॉलिसी’ उघडा. सगळे वाचणे होत नसेल तर पाच प्रश्नांची उत्तरे शोधा : कोणती माहिती घेता? कशासाठी? आणखी कोणाला देता? किती दिवस ठेवता? पुसायची किंवा तक्रार करायची तर कोणाकडे? दहावी-बारावीच्या मुलाला बसवून हे वाचून घेता येईल. उत्तरे सापडली नाहीत तर फॉर्म भरू नका.

५. आरोग्याचे ॲप तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, ठावठिकाणा मागत असेल तर ‘नाही’ म्हणा. पाण्याची आठवण करून देणाऱ्या ॲपला तुमच्या मावशीचा नंबर लागत नाही.

६. ओटीपी कोणालाही सांगू नका, समोरचा ‘दवाखान्यातून बोलतोय’ म्हणाला तरी. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा.

विहार आणि मंडळांनीही पाळावे

१४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपली मंडळे आरोग्य शिबिरे, रक्तदान शिबिरे घेतात. वहीत नाव, पत्ता, फोन, साखर, रक्तदाब लिहिले जाते. पुढे त्या पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, किंवा निवडणुकीत त्याच नंबरांवर प्रचाराचे मेसेज येतात. कंपन्यांना जो प्रश्न विचारायचा, तोच आधी स्वतःला विचारावा. लागते तेवढेच लिहा. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्या. ग्रुपवर फक्त ‘इतक्या लोकांची तपासणी झाली’ एवढे टाका. वही एका जबाबदार उपासक-उपासिकेकडे ठेवा आणि काम संपल्यावर फाडून टाका.

माहिती लपवून उपचार टाळू नका

हे वाचून डॉक्टरांपासून आजार लपवू नका. डॉक्टरांना खरे सांगितले नाही तर औषध चुकते. क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा १००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. त्यासाठी सरकारी केंद्रात नाव आणि खाते नोंदवावेच लागते, आणि ते नोंदवावे. १४ अंकी आभा क्रमांक काढणे मात्र ऐच्छिक आहे. सोयीचा वाटला तर काढा. नसला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

एचआयव्हीबद्दल विचारायचे असेल तर १०९७, मनावर ताण असेल तर टेलिमानसचा १४४१६, हे सरकारी आणि मोफत क्रमांक आहेत. कुठल्या अनोळखी वेबसाइटवर फॉर्म भरण्यापेक्षा तिथे बोलणे केव्हाही बरे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात दहा मिनिटे काढा. ज्या मुलामुलींना फोन चांगला कळतो, त्यांनी थोरांच्या फोनमधल्या कुकीज पुसून द्याव्यात आणि कसे केले तेही दाखवावे. एकाने शिकून दहाजणांना शिकवावे, हीच आपली रीत आहे.

जय भीम!